जुन्या जखमेचा वास : घरी काय काय करता येतं?

सांजसावली
नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे, घरात कुणाशी मोकळेपणी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. आईच्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या अंगाला व्हेन्समुळे (पायातल्या शिरांच्या त्रासामुळे) झालेली जखम आहे, १४ महिने झाले. मध्येच भरत आल्यासारखी वाटते आणि परत चिघळते. दुखणं ती सोसते हो, पण वास तिला सोसवत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. एक दिवसाआड ड्रेसिंग करतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून वास सुरू. गेल्या आठवड्यात माझा ६ वर्षांचा मुलगा तिच्याजवळ गेला आणि नाक धरून म्हणाला, आजी कसला वास येतोय गं. ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून खोलीतून बाहेर येत नाही, कुणी आलं की पायावर जाड चादर ओढून बसते, उकाड्यातसुद्धा.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, जखम म्हटल्यावर थोडा वास येणारच. मी सध्या पट्टीवर वरून सेंट मारते आणि खोलीत रूम फ्रेशनर. त्याने दोन्ही वास मिसळून काहीतरी तिसरंच होतं. ज्यांनी घरी असं माणूस सांभाळलंय त्यांनी सांगा, खरंच काही करता येतं का, की हे असंच चालायचं?

चाफेकळी
आमच्याकडे सासऱ्यांना बेडसोर आहे, हाच प्रश्न. वाचतेय.

पट्टीवाली
सांजसावली, मी नर्स आहे, बरीच वर्षं जखमांच्याच विभागात काम केलंय. "वास येणारच" हे मला पटत नाही. वास म्हणजे जखम काहीतरी सांगतेय, ते काय हे शोधायचं. आधी माझ्या ४ प्रश्नांची उत्तरं द्या.

वास कुठून येतो? खोलीत पाऊल टाकताच, हाताच्या अंतरावर आल्यावर, की पट्टी सोडल्यावरच? (आम्ही वास असाच मोजतो, अंतरावरून. औषधाने फरक पडतोय का हे त्यावरूनच कळतं, नाहीतर रोज नुसतं "कमी वाटतोय, जास्त वाटतोय" चालू राहतं.) पट्टी बाहेरून ओली होते का आणि किती तासांनी? जखमेच्या तळाला रंग कोणता, लाल, पिवळा की काळा? आणि काढलेल्या गॉजला हिरवट छटा असते का?

आणि सेंट आजच बंद करा. पट्टीवर मारलेला सेंट झिरपून आजूबाजूच्या कातडीला लागतो, ती आधीच नाजूक झालेली असते.

सांजसावली
धन्यवाद ताई. हाताच्या अंतरावर येतो, दुसऱ्या रात्री खोलीच्या दारातून. पट्टी साधारण ३० तासांनी बाहेरून ओलसर लागते, लस खूप वाहते. तळाला पिवळं चिकट काहीतरी आहे, पुसून निघत नाही. हिरवट छटा मागच्या १०-१२ दिवसांत दिसली. त्या वेळचा वास वेगळा, जरा गोडूस होता.

पट्टीवाली
छान निरीक्षण आहे तुमचं, खरंच. आता एकेक सांगते.

ते पिवळं चिकट म्हणजे स्लफ, मेलेल्या पेशी आणि लस यांचा थर. तिथे रक्तपुरवठा नाही म्हणजे प्राणवायू नाही, आणि प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंना अशीच जागा हवी असते. ते त्या मेलेल्या मांसातली प्रथिनं फोडतात आणि त्यातून प्युट्रेसिन, कॅडाव्हेरिन, ब्युटिरिक ॲसिडसारखी आम्लं, गंधकाचे वायू असलं सगळं बाहेर पडतं. तुम्हाला नाकाला लागतं ते हे. म्हणजे खाऊ संपवला की खाणारे कमी होतात, आणि तो खाऊ म्हणजे तो पिवळा थर. तो कसा काढायचा हे डॉक्टरांनी किंवा जखमेच्या नर्सने ठरवायचं. कधी साधनांनी काढतात, कधी ओलसर जेल लावून शरीरालाच सुटा करायला लावतात. घरी चिमट्याने ओढू नका.

हिरवट आणि गोडूस म्हणजे स्युडोमोनास नावाचा जंतू असण्याची दाट शक्यता. हा प्राणवायू असतानाही वाढतो, त्यामुळे त्याचं औषध वेगळं. पातळ ॲसिटिक ॲसिडने भिजवलेला गॉज काही मिनिटं ठेवतात, चांदीचं ड्रेसिंग वापरतात. पण काय वापरायचं ते जखम बघून.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पट्टी बाहेरून ओली झाली म्हणजे तिचं काम संपलं. आतला ओलावा आणि बाहेरची हवा यांचा रस्ता तयार झाला, वास तिथूनच येतो आणि जंतू तिथूनच आत जातात. ३० तासांनी ओली होतेय आणि तुम्ही ४८ तासांनी बदलताय, मधले १८ तास आई त्या वासात बसून असते. एकतर जास्त शोषणारं ड्रेसिंग हवं किंवा रोज बदला.

वाटसरू
माझं जरा वेगळं आहे, पण लिहितो. माझ्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर होता आणि शेवटच्या वर्षात गाठ कातडी फोडून बाहेर आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही जखम भरणार नाही. तेव्हा आमचं ध्येयच बदललं. जखम बरी करायची नव्हती, तिला माणसांत बसता यावं एवढंच हवं होतं.

आम्हाला मेट्रोनिडाझोलच्या जेलने खूप फरक पडला. दिवसातून एकदा धुतल्यावर जखमेवर पातळ थर, त्यावर न चिकटणारी जाळी, त्यावर शोषणारा पॅड, सगळ्यात वर वास धरून ठेवणारं कोळशाचं ड्रेसिंग. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, अहो आज मला माझाच वास येत नाहीये. मी पुन्हा विचारलं, तिने मान हलवली.

जाळीबद्दल सांगतो कारण आधी आम्ही साधा गॉज लावायचो, तो चिकटायचा आणि ओढला की भळाभळा रक्त. अशा गाठीवर रक्तवाहिन्या फार कच्च्या असतात. पट्टी भिजवून, थांबून, मगच काढायची. घाई केली की पश्चात्ताप.

सेंटबद्दल पट्टीवाली ताईंशी सहमत, पण माझं कारण निराळं आहे. तिचं एक आवडीचं अत्तर होतं. वास झाकायला ती तेच लावायची. आता ती नाही, आणि ते अत्तर कुठे दरवळलं की मला ती आठवत नाही, तो आजार आठवतो. एका चांगल्या आठवणीची जागा गेली. म्हणून सांजसावली, काही वापरायचंच झालं तर आईच्या आवडीचं काही वापरू नका.

चाफेकळी
वाटसरू दादा, काय लिहू. वाचून थांबले काही वेळ.

गोळी_वाटप
मी फार्मसिस्ट. मेट्रोनिडाझोलचा विषय निघालाच आहे म्हणून थोडी भर घालतो. हे औषध मुळात ट्रायकोमोनास या परजीवीसाठी आलं. १९६२ मध्ये एका दंतवैद्याच्या लक्षात आलं की त्यासाठी हे घेणाऱ्या बाईच्या हिरड्यांची सूजही बरी झाली, तिथून ते प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंवर चालतं हे कळत गेलं. जखमेच्या वासात त्याच जातीचे जंतू असतात, त्यामुळे ते इथे उपयोगी.

जेल साधारण ०.७५ टक्क्यांचं असतं. पोटात घेण्यापेक्षा वरून लावणं बऱ्याचदा बरं, कारण मेलेल्या भागाला रक्तच पोचत नाही, मग गोळीतलं औषध तिथे कसं पोचणार. शिवाय गोळीने मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, आणि फार दिवस घेतली तर हातापायांना मुंग्या येऊ शकतात. गोळी चालू असताना आणि नंतर काही दिवस दारू बंद. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशीही तिचं जमत नाही, ते घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

गोळ्या कुटून जखमेवर टाकतात ते मीही पाहिलंय. जेल मिळत नाही तिथे बरेच जण करतात आणि वास कमी होतोही. पण गोळीत औषधाशिवाय इतर भरताड असते, वरचं आवरण नीट कुटलं जात नाही. स्वतःच्या मनाने नको, विचारून करा.

आणि हिरव्या जंतूवर, म्हणजे स्युडोमोनासवर, याचा उपयोग नाही. सांजसावली यांनी आधी ते बघून घ्यावं.

रानवारा
एवढं सगळं कशाला. हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फसफसून सगळी घाण वर येते, वास गायब. आमच्या घरी कायम हेच केलंय.

पट्टीवाली
रानवारा, फेस येतो तो आपल्या पेशींमधल्या आणि रक्तातल्या एका एन्झाइममुळे. फेस आला म्हणजे जंतू मेले असं नाही. जुन्या जखमेत ते नव्याने येणाऱ्या पेशींनाही जाळतं. पडल्या-झडल्याच्या ताज्या खरचटण्यावर एकदा वापरलं ते वेगळं, महिनोन्महिने रोज ओतणं वेगळं. १४ महिन्यांच्या जखमेत जी थोडीफार नवी कातडी धरतेय तिलाच का मारायचं?

रानवारा
मग धुवायचं कशाने? साध्या पाण्याने जंतू जातात का?

पट्टीवाली
धुण्याने जंतू मरत नाहीत, वाहून जातात, आणि तेच हवं असतं. सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, उत्तम. पिण्याजोगं स्वच्छ पाणीही चालतं, त्याने संसर्ग वाढल्याचं दिसलेलं नाही. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार करा. कोमट घ्या, गार पाण्याने जखम थंड पडते आणि दुखतंही. पायाची जखम असेल तर पाय सरळ बादलीवर धरून मगने हळू धार सोडा, नुसतं कापसाने टिपू नका. कापसाचे धागे अडकतात आत. आणि जखमेच्या भोवतीची कातडी! तिथे वाळलेली लस आणि कोंडा साचतो, अर्धा वास त्याचा असतो, आणि नेमकी तीच धुवायची राहते. धुतल्यावर टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावा म्हणजे लशीने ती सोलपटत नाही.

रानवारा
बरं. हे कुणी सांगितलं नव्हतं. बंद करतो.

मधुमालती
मधाचं कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या काकूच्या बेडसोरवर मधाने आठवड्यात वास गेला. डब्यातलाच मध लावत होतो.

गोळी_वाटप
मधाने वास जातो हे खरं, आणि त्यामागचं कारणही सुंदर आहे. जंतूंना साखर मिळाली की ते प्रथिनं फोडायच्या भानगडीत पडत नाहीत, साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड सोडतात, त्याला तो घाण वास नसतो. शिवाय दाट मध पाणी ओढून घेतो.

पण डब्यातला नको. मधात क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, उकळूनही मरत नाहीत. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, ट्यूबमध्ये किंवा पट्टीत भरलेला मिळतो. तुमच्या काकूंना त्रास झाला नाही हे चांगलंच झालं, पण ते सगळ्यांना सांगण्यासारखं नाही.

मधुमालती
बीजाणूंचं माहीत नव्हतं. पण काकू म्हणायची की मधाने चुरचुरतं फार, ते खरंच असतं ना?

पट्टीवाली
असतं, मध आम्लधर्मी आहे. काहींना १५-२० मिनिटांत थांबतं, काहींना अजिबात सोसत नाही. त्यांना जबरदस्ती करू नये, पर्याय आहेत. आणि मधाने पहिले काही दिवस लस वाढते, वरचा पॅड जाड ठेवा.

तिसरा_पाय
मी स्वतः पेशंट. डायबेटिस २२ वर्षं, पायाला संवेदना जवळजवळ नाही. म्हणून एक सांगतो, वास फक्त झाकायची किंवा घालवायची गोष्ट समजू नका. एका संध्याकाळी मोजा काढला आणि कुजकट वास आला. पाय बघितला तर करंगळीखाली लहानसं भोक, दुखत काहीच नव्हतं. जे पायाने सांगायला हवं ते मला नाकाने सांगितलं. मी तरीही ५ दिवस काढले, मोजा बदलला, पावडर टाकली. शेवटी गेलो तेव्हा हाडापर्यंत गेलं होतं. दोन बोटं गेली. पहिल्या संध्याकाळी गेलो असतो तर कदाचित वाचली असती, कदाचित नसतीही, पण ते ५ दिवस माझ्याच हातात होते.

नेहमीचा वास अचानक बदलला, एकदम वाढला, सोबत ताप, थंडी, लाली पसरतेय, नव्याने दुखायला लागलं, किंवा दाबलं की कातडीखाली कुरकुर लागते, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दाखवा.

पट्टीवाली
यांचं प्रत्येक वाक्य खरं आहे. कुरकुर लागली तर रात्र असली तरी निघायचं.

आणि याच्या उलट एक. हायड्रोकोलॉइड नावाचं कातडीसारखं चिकटणारं ड्रेसिंग असतं, ते उघडलं की आत पिवळसर लिबलिबीत जेल आणि बऱ्यापैकी वास असतो. लोक घाबरून पू झाला म्हणतात. तो त्या ड्रेसिंगचाच गुण आहे. धुवा आणि मग हुंगा. धुतल्यावरही वास राहिला तर तो जखमेचा.

अबोली
मला एक विचारायचंय, कदाचित विचित्र वाटेल. मी वडिलांचं सगळं करते आणि मला आता वासच येत नाही. बहीण ३ महिन्यांनी आली आणि दारातच थबकली. मला इतकी लाज वाटली. माझं नाक गेलंय का?

पट्टीवाली
नाही गं. नाक सवयीचा वास बाजूला टाकतं, सगळ्यांचंच. मीसुद्धा सुट्टीवरून आले की पहिल्या दिवशीच खरा वास कळतो. लाज कसली, तू तिथे रोज आहेस याचाच तो पुरावा. बाहेरून येणाऱ्या एका विश्वासातल्या माणसाला सांगून ठेव, आल्या आल्या खरं सांग म्हणून. किंवा तूच थोडं फिरून ये आणि परत खोलीत शिर.

वाटसरू
आणि पेशंटला सांगायचं का हा प्रश्न आमच्या घरी फार गाजला. माझी मेहुणी म्हणायची काही दाखवायचं नाही, नाकाला रुमाल तर मुळीच नाही. मला वाटायचं की बायकोला कळतंच सगळं.

चाफेकळी
मी मेहुणींच्या बाजूची आहे. सासऱ्यांना सांगितलं तर ते खचतील. आम्ही "पट्टी बदलायची वेळ झाली" एवढंच म्हणतो.

निळी_चादर
मी बहुतेक वेळा इथे नुसती वाचते. माझ्या पायावर ३ वर्षांपासून जखम आहे, म्हणून त्या चादरीखालून लिहितेय असं समजा.

आम्हाला कळतं. खोलीत आलेलं माणूस खिडकीच्या बाजूची खुर्ची निवडतं तेव्हा कळतं, श्वास रोखून बोललेलं कळतं. सगळे काही नाहीच असं वागले की मग आम्हीही विचारू शकत नाही, आणि रात्रभर एकच विचार, आज किती येत असेल. माझ्या सुनेने एकदा सरळ विचारलं, "आई, आज वास जरा जास्त आहे, तुम्हालाही जाणवतोय का? पट्टी बघूया का?" आणि तिथेच पलंगावर बसली, पाय मांडीवर घेऊन. मला रडू आलं, पण सुटल्यासारखं वाटलं. सांगा. फक्त सांगून लांब जाऊ नका.

चाफेकळी, तुमची भीती मी समजू शकते. सासऱ्यांना एकदा विचारून बघा, त्यांना यावर बोलायचंय का. काहींना नसतंही बोलायचं.

आणि तो नातू. त्याला ओरडू नका. "आजीच्या पायाला बाऊ आहे, त्याला वास येतो, आपण औषध लावतोय" एवढं मुलाला पुरतं.

चाफेकळी
विचारते. आजच.

रामप्रहर
खोलीचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून थोडं. आम्ही पलंगाखाली रुंद ट्रेमध्ये कोळशाचा चुरा ठेवायचो, सक्रिय केलेला, चुलीतला नाही. मांजराच्या शौचासाठी मिळते ती माती किंवा कॉफीची कोरडी पूडही थोडं काम करते. ट्रे उथळ आणि पसरट हवा, खोल डब्यात काही होत नाही. काढलेली पट्टी लगेच दुहेरी पिशवीत गाठ मारून घराबाहेरच्या कचऱ्यात, खोलीतल्या डब्यात एक मिनिटही नको. हा एकच बदल आम्हाला सगळ्यात जास्त जाणवला. वास गादीत, बुटात आणि बँडेजच्या कापडात मुरतो, गादीवर पुसता येईल असं आवरण घाला. ड्रेसिंगच्या आधी खिडकी उघडायची, नंतर नाही. आणि घरात ऑक्सिजन चालू असेल तर सुगंधी मेणबत्ती किंवा कुठलीही ज्योत अजिबात नको.

बेडसोर असेल तर आणखी एक, कमरेखालच्या जखमेत शी-शूचा अंश जातो आणि आपण जखमेला दोष देतो. आधी ते तपासा.

सांजसावली
३ आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी केली, घोट्याचं आणि दंडाचं ब्लड प्रेशर बघून. म्हणाले धमन्या ठीक आहेत म्हणून घट्ट बँडेज बांधता येईल, नसत्या तर तेच बँडेज घातक ठरलं असतं. पिवळा थर बराचसा काढला. हिरव्यासाठी २ आठवडे ॲसिटिक ॲसिड आणि चांदीचं ड्रेसिंग. दाबाच्या बँडेजने सूज उतरली आणि लस इतकी कमी झाली की मला खरंच वाटेना. लस कमी म्हणजे वास कमी हे आता डोळ्यांनी, म्हणजे नाकाने, पाहिलं. आता पट्टी सोडल्यावरच येतो, तोही हलका.

निळी_चादर ताईंचं आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्या बाईंना सांग, मलाही खिडकीजवळची खुर्ची कळायची. काल मुलगा तिच्या शेजारी बसून चित्रं काढत होता, चादर पायथ्याशी घडी करून ठेवलेली होती.

एकच प्रश्न राहिला. वरून लावायला कोळशाचं ड्रेसिंग दिलंय, ते मोठं आहे. कापून निम्मं वापरलं तर चालेल का?

गोळी_वाटप
नको. बऱ्याच प्रकारांत कडा बंद केलेल्या असतात, कापलं की कोळशाचे कण जखमेत सांडतात. पाकिटावर कापायला परवानगी लिहिली असेल तरच कापा. आणि बहुतेक कोळसा ओला झाला की वास धरायचा थांबतो, म्हणून खाली शोषणारा पॅड हवाच.

सांजसावली
पाकीट बघितलं, कापू नये असंच लिहिलंय. लहान आकाराचं मागवते.